विनामूल्य संगणकीय सोयी व शाळेचे दप्तर

(शिक्षण परिषदेत वाचन व चर्चेसाठी पाठ)



प्राथमिक शाळेच्या दप्तरात दाखलखारीज रजिस्टराचे स्थान सर्वांत वरचे आहे. चामोर्शीसारख्या तालुक्यात त्याचे महत्त्व अधिकच आहे. अनुसूचित जमातीचा दाखला पडताळून घ्यावयाचा असला म्हणजे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीस विशेष वजन असते. आणि ज्या कुटुंबाकडे जमिनीचा कागद नाही, जन्माची नोंद नाही, त्या कुटुंबाच्या आजोबांचे नाव पुष्कळदा शाळेच्या रजिस्टरातच तेवढे सापडते. ज्या गुरुजींनी ते नाव लिहिले त्यांच्या काळी आपला मुलूख चांदा जिल्ह्यात होता. पुढे जनपद सभा आल्या व गेल्या, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. कार्यालये बदलली, शिक्के बदलले, परंतु शाईने लिहिलेली ती ओळ नातवाच्या कामी येते.

आज आपण शाळेची पुष्कळशी माहिती कागदाऐवजी संगणकावर व मोबाईलवर लिहितो, आणि तीही बहुधा एखाद्या कंपनीने विनामूल्य दिलेल्या सोयीवर. हजेरीचा गोषवारा, चाचण्यांचे गुण, शालेय पोषण आहाराचा हिशेब, बालसभेची छायाचित्रे, माता-पालकांचे संपर्क क्रमांक हे सर्व त्यात येते. या सोयीला मोल पडू लागले, तिची मर्यादा घटली किंवा ती बंदच झाली, तर शाळेने काय करावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. महिला बचत गट, गावचे वाचनालय, ग्रामसभेची वनहक्क समिती अशा लहान संस्थांपुढेही हाच प्रश्न आहे. आणि गावात अशा गोष्टींविषयी सल्ला विचारावयास लोक बहुधा शिक्षकाकडेच येतात. म्हणून आपण तो नीट समजून घेतला पाहिजे.

१. आजवर काय घडले

गूगल कंपनीने २००६ साली लहान संस्थांना स्वतःच्या नावाचे ईमेल व दस्तऐवज ठेवण्याची सोय विनामूल्य देऊ केली. डिसेंबर २०१२ मध्ये नव्या संस्थांना ही विनामूल्य योजना देणे बंद झाले. जुन्यांची मात्र चालू राहिली. जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही सूचना आली की, त्या वर्षाच्या मध्यापासून पैसे भरून दुसऱ्या योजनेत यावे लागेल. जगभरच्या वापरणाऱ्यांनी नापसंती कळविल्यावर, घरगुती व बिगरव्यापारी वापर करणाऱ्यांस सूट देण्यात आली. व्यवसायासाठी वापर करणाऱ्यांना मात्र पैसे भरणे किंवा अन्यत्र जाणे हे दोनच मार्ग उरले. ज्यांनी सोळा वर्षांचा पत्रव्यवहार तेथे ठेवला होता, त्यांना काही महिन्यांत निर्णय घ्यावा लागला.

छायाचित्रांची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. गूगल फोटोजवर थोड्या कमी प्रतीची छायाचित्रे हवी तितकी विनामूल्य ठेवता येत असत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. तेव्हापासून नवी छायाचित्रे, ईमेल व ड्राइव्हमधील कागदपत्रे हे सर्व मिळून १५ जीबी इतकीच विनामूल्य जागा प्रत्येक खात्यास मिळते. शैक्षणिक संस्थांसाठी असलेल्या गूगलच्या योजनेतही पूर्वी साठवणीस मर्यादा नव्हती. २०२२ पासून संपूर्ण संस्थेस मिळून १०० टीबी ही मर्यादा लागू झाली. गावच्या शाळेस एवढी जागा विपुल आहे, परंतु मोठ्या विद्यापीठांना ती पुरेना.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या उपक्रमाच्या काळात आपण अनेक नव्या सोयी वापरू लागलो. गूगल मीटवरील सभांना त्या वेळी वेळेचे बंधन लावले गेले नाही. २०२१ च्या मध्यानंतर तीन किंवा त्याहून अधिक जणांच्या विनामूल्य सभेस साठ मिनिटांची मर्यादा आली. झूमच्या विनामूल्य सभा चाळीस मिनिटांच्या. दोघांच्या संभाषणाला असलेली सूटही मे २०२२ मध्ये गेली. एडमोडो ही २००८ साली सुरू झालेली, केवळ शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी असलेली सोय २२ सप्टेंबर २०२२ रोजी कायमची बंद झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा लिहिण्याचा फळाही ३१ डिसेंबर २०२४ नंतर उरला नाही.

याच्या उलटही घडते. व्हॉट्सॲप पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर आकारीत असे. जानेवारी २०१६ मध्ये ती आकारणी रद्द झाली. तेव्हा किंमत चढते किंवा उतरते हा मुख्य मुद्दा नव्हे. ती ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती नाही, हा मुख्य मुद्दा होय.

२. असे का होते

यात कोणाची लबाडीच असते असे समजू नये. आपण 'ऑनलाइन ठेवले' असे म्हणतो तेव्हा ती माहिती कोठेतरी मोठ्या इमारतीतील यंत्रांवर साठविलेली असते. त्या यंत्रांना वीज लागते, थंडावा लागतो, दुरुस्ती लागते, पगारी माणसे लागतात. हा खर्च कंपनी प्रारंभी स्वतः सोसते, कारण तिला लोक जमवावयाचे असतात. आठवडी बाजारात नवा दुकानदार पहिले चार बाजार स्वस्त विकतो, तसेच हे आहे. लोक जमले, त्यांना सवय लागली, साठवण वाढली की खर्च डोईजड होतो आणि भांडवल पुरविणारे परतावा मागू लागतात. मग मर्यादा येते, दर येतो, किंवा न परवडणारी सोय बंद केली जाते.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. बाजारात दुकानदाराने भाव वाढविला तर आपण शेजारच्या दुकानात जातो, कारण पिशवी आपल्या हाती असते. येथे आपली पिशवीच दुकानदाराच्या कोठारात असते. ती बाहेर काढण्याचे श्रम जितके जास्त, तितका आपला नाइलाज जास्त. म्हणून लहान संस्थेने दराची चिंता करण्यापूर्वी आपली पिशवी कोणत्याही दिवशी उचलता येईल की नाही, हे पाहावे.

३. सवलत आणि हक्क

हा भेद आपल्या भागातील लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जंगलातून सरपण आणणे, बांबू आणणे, गुरे चारणे ही जुनी वहिवाट म्हणजे निस्तार. ती केवळ कोणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून निस्तारपत्रकात लिहून ठेवण्याची व्यवस्था झाली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भातील गावांच्या निस्तारपत्रकाची तरतूद आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, आपल्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडावे लागले. वस्तू हाती असणे आणि ती बाहेर नेण्याचा अधिकार हाती असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या गावाने सर्वांना दाखवून दिले.

संगणकीय सोयींनाही हीच कसोटी लावावी. कंपनीने विनामूल्य दिलेली सोय ही सवलत आहे, हक्क नव्हे. सवलतीचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु जे मुलांच्या हक्काचे आहे ते केवळ सवलतीच्या आधारावर ठेवू नये. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, दाखल्याची तारीख, उत्तीर्ण झाल्याची नोंद या गोष्टी त्याच्या हक्काच्या आहेत. छायाचित्र पुन्हा काढता येईल, सभा पुन्हा भरविता येईल. पण हरवलेली नोंद चाळीस वर्षांनी पुन्हा लिहिता येत नाही.

४. शाळेचे नुकसान कोठे होते

शाळाभेटीच्या वेळी दप्तर पाहताना तीन कच्चे दुवे वारंवार आढळतात.

पहिला दुवा खात्याच्या मालकीचा. शाळेची माहिती पुष्कळदा एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्यात असते आणि ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येतो. पुढे त्या शिक्षकाची बदली होते, मोबाईल क्रमांक बदलतो, आणि नव्याने आलेल्या बाईंपुढे कुलूपबंद पेटी उरते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले व त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू केले. म्हणजे बदलीनंतर विसरलेले खाते काही काळाने आतल्या माहितीसह नाहीसे होऊ शकते.

दुसरा दुवा लेखनाच्या स्वरूपाचा. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला तर नुसती चिन्हे दिसतात, अक्षर वाचता येत नाही. हे नुकसान मराठी शाळांनी यापूर्वीच सोसलेले आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी मात्र कोणत्याही नव्या संगणकावर व मोबाईलवर वाचता येते. तद्वत् केवळ एकाच कंपनीच्या सोयीत उघडणारी माहिती आज सोयीची वाटली, तरी उद्या तीच अडचण होते.

तिसरा दुवा प्रमाणाचा. आपण मोजत नाही. एक छायाचित्र सुमारे ३ एमबीचे धरले, तर १५ जीबीमध्ये सुमारे ५,००० छायाचित्रे मावतात. शाळेने दररोज १० छायाचित्रे ठेवली व वर्षाला २०० दिवस शाळा भरली, तर वर्षाला २,००० होतात. म्हणजे अडीच वर्षांत पेटी भरली. मग त्याच खात्यात ईमेल येणेही थांबते, आणि कार्यालयाचे महत्त्वाचे पत्र परत जाते. पोषण आहाराच्या ताटाची तीच ती छायाचित्रे ठेवून मुलांच्या गुणपत्रकांना जागा उरू नये, हा दोष कंपनीचा नव्हे.

५. सूचना आल्यास चार मार्ग

'अमुक तारखेपासून ही सोय सशुल्क होईल' अशी सूचना आली असता घाबरून लगेच पैसे भरू नयेत, आणि ती तशीच पडूही देऊ नये. मुख्याध्यापकाने प्रथम तारीख लिहून घ्यावी, आणि त्या तारखेपूर्वी सर्व माहितीची एक प्रत शाळेच्या संगणकावर व एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. गूगलच्या खात्यातील सर्व माहिती एकत्र उतरविण्यासाठी टेकआउट नावाची सोय २०११ पासून आहे. याद्या एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात व पत्रे पीडीएफ स्वरूपात उतरवावीत. प्रत हाती आली की विचार शांतपणे करता येतो. त्यानंतर पुढील चार मार्गांचा विचार करावा.

(अ) मर्यादेत राहणे. अनावश्यक काढून टाकल्यास विनामूल्य जागेत भागते का, हे आधी पाहावे. बहुतेक लहान शाळांचे भागते.

(आ) पात्रता सिद्ध करून सवलत मागणे. शाळा व नोंदणीकृत धर्मादाय संस्था यांच्यासाठी अनेक कंपन्यांच्या वेगळ्या विनामूल्य योजना असतात. त्या आपोआप मिळत नाहीत. संस्थेची कागदपत्रे दाखवून मागाव्या लागतात. एकट्या शाळेने खटपट करण्यापेक्षा केंद्रप्रमुखांमार्फत एकत्रित मागणी करणे बरे.

(इ) पैसे भरणे. उपयोगी सोयीचे मोल देण्यात कमीपणा नाही. पण ते शिक्षकाच्या खिशातून जाऊ नये. २०२१ साली १०० जीबी जागेसाठी गूगलचा दर दरमहा १३० रुपये, म्हणजे वर्षाला १,५६० रुपये होता. वर्षाची रक्कम एकदम भरल्यास १,३०० रुपये. समग्र शिक्षा योजनेच्या मानकाप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे, आणि त्यातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता, वीज भागवावयाची आहे. अशा शाळेस १,३०० रुपये म्हणजे अनुदानाचा आठवा हिस्सा होतो. याउलट १०१ ते २५० पटाच्या शाळेस ५०,००० रुपये मिळतात व तोच खर्च सुमारे अडतिसाव्या हिश्श्याइतकाच पडतो. एकाच दराचा भार लहानावर अधिक पडतो तो असा. म्हणून खर्चाच्या मार्गदर्शक सूचना पाहून, शाळा व्यवस्थापन समितीपुढे हिशेब मांडून व ठराव घेऊनच हा मार्ग धरावा.

(ई) दुसरीकडे जाणे. जाण्यापूर्वी नव्या ठिकाणीही एक प्रश्न विचारावा: येथून बाहेर पडावयाचे झाल्यास माझी माहिती मला कोणत्या स्वरूपात परत मिळेल? याचे उत्तर मिळत नसेल तर तेथे जाऊ नये. जुने खाते लगेच बंद करू नये. एक सत्र दोन्ही चालू ठेवावीत, नव्या जागी सर्व यादी आली की नाही हे मूळ यादीशी ताडून पाहावे, आणि मगच जुने सोडावे.

६. फुकट आणि मुक्त

येथे आणखी एक भेद सांगणे अवश्य आहे. फुकट मिळणारी प्रत्येक सोय मुक्त नसते. मुक्त संगणक-प्रणाली म्हणजे जिची रचना सर्वांस पाहता येते, जी कोणीही वापरावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी अशी परवानगी लिखित स्वरूपात दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ही चळवळ वाढली. लेखन व हिशेबासाठी २०१० पासून चालू असलेले लिबरऑफिस हे आपल्या कामाचे उदाहरण होय. ते संगणकावर एकदा बसविले की इंटरनेट नसतानाही चालते. टॉवर न मिळणाऱ्या गावांतील शाळांना हा मोठाच लाभ आहे. शिवाय दिलेली परवानगी मागे घेतली जात नाही.

केरळ राज्याने या मार्गाने आपल्या सरकारी शाळांची व्यवस्था लावली आहे. तेथे २००१ साली सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल या प्रकल्पाचे २०१७ मध्ये काइट या संस्थेत रूपांतर झाले. शाळांतील संगणकांवर मुक्त प्रणाली बसविणे, पाठ्यपुस्तके त्यांस अनुरूप करणे आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणे ही कामे राज्यानेच अंगावर घेतली. मात्र यावरून मुक्त म्हणजे बिनखर्चाचे असा अर्थ काढू नये. यंत्र लागते, बसविणारा लागतो, बिघडल्यास पाहणारा लागतो. एका शाळेस हे झेपत नाही. दहाबारा शाळांच्या केंद्रात दोन शिक्षक जाणते झाले तर पुष्कळ काम भागते.

७. वर्षातून दोन दिवस दप्तराचे

पहिल्या सत्राच्या अखेरीस एक व वार्षिक निकालानंतर एक असे दोन दिवस प्रत्येक शाळेने या कामासाठी राखावेत. त्या दिवशी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, शाळा जी जी संगणकीय सोय वापरते तिची यादी एका वहीत लिहावी: सोयीचे नाव, आत काय आहे, खाते कोणाच्या नावे, ओटीपी कोणत्या क्रमांकावर, विनामूल्य की सशुल्क. खाते शाळेच्या नावाचे असावे व त्याची माहिती मुख्याध्यापक आणि आणखी एक शिक्षक अशा दोघांस असावी. पासवर्ड या वहीत लिहू नयेत. ते मोहोरबंद लिफाफ्यात कुलपाच्या कपाटात ठेवावेत. दुसरी, माहितीची प्रत उतरवून दोन ठिकाणी ठेवावी. एक शाळेत, दुसरी केंद्रशाळेत. तिसरी, प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले धान्य होय. चौथी, वर्षाचा निकाल, पटाची यादी व मूल्यमापनाचा गोषवारा छापून, सही-शिक्क्यानिशी फाईलला लावावा. दाखलखारीज रजिस्टर तर नेहमीप्रमाणे हातानेच व शाईनेच लिहावे. पाचवी, बदली होणाऱ्या शिक्षकाने कार्यभार देताना किल्ल्यांबरोबर खातीही सोपवावीत व कार्यभार यादीत तशी नोंद करावी.

प्रतींचे रक्षणही नीट व्हावे. मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक असलेला पेन ड्राइव्ह कोठेही पडू देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला असून त्यात बालकांच्या माहितीचा वेगळा विचार आहे.

बंधुभगिनींनो, नवी साधने टाळावीत असा या पाठाचा आशय नाही. चांगली सोय विनामूल्य मिळते तोवर ती जरूर वापरावी. मोल पडू लागले तर हिशेब करून द्यावे, नाहीतर निघावे. निघताना हाती काही असावे, एवढीच सिद्धता हवी. आपल्या वर्गातील पहिलीच्या मुलीची नात कधी काळी आजीची नोंद शोधीत या शाळेच्या दारी येईल. त्या दिवशी आज वापरातली कोणती कंपनी अस्तित्वात असेल हे सांगता येत नाही. शाळा मात्र असेल, आणि तिच्या कपाटात ती नोंद असावी.

चर्चेसाठी प्रश्न व स्वाध्याय

१) आपल्या शाळेची माहिती सध्या किती संगणकीय सोयींवर आहे? त्यांपैकी किती खाती शाळेच्या नावे व किती व्यक्तीच्या नावे आहेत?

२) एका शाळेत दररोज ६ छायाचित्रे, प्रत्येकी ४ एमबीची, २०० दिवस ठेवली जातात. १५ जीबी जागा किती वर्षे पुरेल? (१ जीबी = १,००० एमबी धरावे. हे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांकडूनही सोडवून घ्यावे.)

३) उद्यापासून इंटरनेट महिनाभर बंद राहिले, तर शाळेचे कोणते काम अडेल? कोणते अडणार नाही?

४) 'सवलत' व 'हक्क' यांतील भेद निस्ताराच्या उदाहरणावरून शाळा व्यवस्थापन समितीस कसा समजावून सांगाल?

५) केंद्रातील सर्व शाळांनी मिळून कोणती एक सोय एकत्र घेता येईल? तिचा खर्च पटाच्या प्रमाणात कसा वाटावा, याचा तक्ता तयार करा.